दुर्बिणीचा आकडा आणि वऱ्हाडची शिकार

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना अगदी अलीकडची, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक मुंबई लष्करात नोकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या कर्नलने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच रायफलीची दुर्बीण सिद्ध केली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) व्हिटवर्थ रायफलींवर त्याच्याच पद्धतीच्या दुर्बिणी होत्या. पुढे जर्मनीत झाइस कारखान्याने शिकारीसाठी चौपट मोठे दाखविणारी दुर्बीण काढली. तेव्हापासून ‘किती पट?’ हा वाद सुरू आहे.

या वादाचा निकाल लावण्यास आपल्या वऱ्हाडासारखा प्रांत नाही. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजी कारभारात आला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला, आणि साहेब लोकांची शिकार येथे दोन तऱ्हांच्या भूमीवर चाले. एक पयानघाट, म्हणजे अकोला-अमरावतीचे काळ्या मातीचे मोकळे रान. ज्वारी निघाली की तेथे आडोसा राहत नाही, आणि काळवीट दीडदोनशे पावलांच्या आत माणसाला येऊ देत नाही. दुसरा मेळघाट. साग आणि बांबू यांच्या दाटीत मचाणावरून वाघ दिसे तो तीसचाळीस पावलांवर, तोही बहुधा दिवस मावळताना.

आता साधा हिशेब पाहू. चारपट दुर्बिणीतून शंभर मीटरांवर सुमारे दहा मीटर रुंदीचे रान दिसते. काळविटाला तेवढे पुष्कळ झाले. परंतु पंचवीस मीटरांवर तीच रुंदी अडीच मीटरांवर येते, म्हणजे नऊ फुटी वाघ नाकापासून शेपटीपर्यंत तीत मावत नाही. आठपट घेतली तर सव्वा मीटर! नुसते पट्टे दिसतील. खांदा कोणता नि पुठ्ठा कोणता, हे कळणार नाही. शिवाय हाताचा कंपही आठपट होतो.

दुसरा हिशेब उजेडाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीच्या आकड्याने भागले, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. बत्तीस मिलिमीटरांचे भिंग आणि चारपट, म्हणजे आठ मिलिमीटर. आठपट केली की चारच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचाच्या आसपास. सबब संध्याकाळी मोठा आकडा अंधारच वाढवितो. दाट रानात अडीच-तीन पट, मोकळ्यात चार ते सहा, हा शहाणपणाचा निवाडा ठरतो. जवळच्या वाघाला तर पुष्कळ जुने शिकारी उघडीच माशी पसंत करीत.

परंतु तिसरा हिशेब शिकारीच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो. हाका चाले तेव्हा बांबूतून डबे वाजवीत, ओरडत, जनावराच्या मागून बंदुकीच्या दिशेने माणसे येत. मेळघाटात ती बहुधा कोरकू असत. एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावलेल्या साहेबाला वर्तुळाबाहेरचे काही दिसत नसे, आणि हाकेवाला नेमका वर्तुळाबाहेर असे. म्हणूनच जनावर मचाणाची रेघ ओलांडून मागे गेल्यावरच गोळी झाडावी, असा जाणत्यांचा दंडक होता. तो पाळला जाईल की नाही, हे मात्र ज्याच्या हाती बंदूक त्याच्या मर्जीवर. गिरणीत पट्ट्याला कठडा मिळावा म्हणून भांडलेल्या आम्हा कामगारांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वाघाची लांबी इंचापर्यंत लिहून ठेवणाऱ्या लेखकांनी हाकेवाल्यांचा हिशेब बहुधा नुसत्या संख्येने केला. नावे लिहिली नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीवर कडक निर्बंध आले. १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट आला, आणि पुढे कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले. रोही आणि डुकरे शेत उद्ध्वस्त करतात, हे दुःख खरे आहे. त्यांना मारायचे तरी वनखात्याच्या परवानगीनेच.

आकड्यांचा नियम मात्र बदललेला नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातील पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजदाद होते. तेथे जाणाराने सातपट, पन्नास मिलिमीटरांची दुर्बीण न्यावी. भागाकार सातावर येतो, तो रात्रीच्या डोळ्याला पुरतो. आणि अधूनमधून ती खाली ठेवून, शेजारी जागणाऱ्या वनमजुराला त्याचे नाव विचारावे.