बर्फाची उतरण आणि कावेरीकाठ

म्हैसुरास बर्फ पडत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरील या नगरात थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचे धुके आणि चामुंडीच्या पायऱ्या चढताना खांद्यावर घेतलेली शाल, एवढीच काय ती. अशा गावी बसून बर्फावरील शर्यतींचा इतिहास लिहू पाहणे हे वाळवंटात नौकानयनावर व्याख्यान देण्यासारखे होय, असे कोणी म्हणेल. परंतु भारतातील स्कीइंगची हकीकत चाळू लागले असता, तिचा एक महत्त्वाचा धागा येथून सुमारे १२० किलोमीटरांवर, कोडगूतील मडिकेरी गावी जाऊन पोचतो. नोकरीच्या निमित्ताने या प्रांती येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना तो धागा जवळचा वाटावा असाच आहे.

प्रथम या खेळाचे स्वरूप पाहू. आमच्या भाषेत चढणे नेहमी स्तुत्य आणि घसरणे निंद्य. भाव घसरतात, प्रकृती घसरते, प्रसंगी जीभही घसरते. आणि यांपैकी एकही गोष्ट कोणी भूषणावह मानीत नाही. आल्प्सच्या उतारांवर जन्मलेल्या या खेळात मात्र घसरण्याचेच शास्त्र झाले आहे. ‘डाउनहिल’ शर्यतीत स्पर्धक एकदाच, पण ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने खाली येतो. ‘स्लॅलम’मध्ये वेगापेक्षा वळणांची परीक्षा असते. उतारावर जवळजवळ रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून नागमोडी उतरायचे, तेही दोन वेळा, आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लावायचा. अंतर सेकंदाच्या शतांशात मोजतात. एक फाटक चुकले की स्पर्धक बाद. स्लॅलमचे हे आधुनिक रूप १९२२ साली इंग्रज गृहस्थ आर्नल्ड लन यांनी स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे रूढ केले. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या शर्यतींना स्थान नव्हते. ते १९३६ साली मिळाले, आणि डाउनहिल व स्लॅलम या स्वतंत्र पदकांच्या शर्यती म्हणून १९४८ साली सेंट मॉरिट्झ येथे धावल्या गेल्या.

त्याच १९४८ सालाने भारतीय स्कीइंगलाही निराळे वळण दिले. तोपर्यंत गुलमर्ग हे इंग्रज अधिकाऱ्यांचे विरंगुळ्याचे ठिकाण होते. त्यांनी १९२७ साली तेथे स्की क्लब काढला होता. नाताळात आणि ईस्टरला शर्यती होत. १९४७ नंतर ते अधिकारी गेले आणि त्यांच्या मागे बर्फ तेवढा उरला. पण काश्मिरात युद्ध पेटले होते. १९ व्या पायदळ डिव्हिजनचे सेनापती होते मडिकेरीत १९०६ साली जन्मलेले कोडंदेरा सुब्बय्या तिमय्या. १ नोव्हेंबर १९४८ रोजी साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीत त्यांनी रणगाडे नेले. त्या उंचीवर रणगाडा येईल अशी कल्पनाही शत्रूने केली नव्हती. खिंड हाती आली. मात्र पुढील हिवाळे तेथेच काढावयाचे, तर सैनिकास बर्फावर चालता-उतरता आले पाहिजे, हेही त्या मोहिमेने शिकविले. डिसेंबर १९४८ मध्ये तिमय्यांनी गुलमर्ग येथे आपल्या डिव्हिजनची स्की शाळा उघडली. तीच पुढे वाढत जाऊन सैन्याची उच्च-पर्वतीय युद्धशाळा झाली. कॉफीच्या मळ्यांच्या आणि पावसाच्या मुलखातील माणसाने हिमालयात बर्फाची शाळा काढावी, यात नियतीची गंमत नाही. नेमणूक जेथे होईल तेथील भूमी शिकून घेणे, हा चांगल्या अधिकाऱ्याचा धर्मच होय, आणि तिमय्यांनी तो पाळला.

ऑलिंपिकच्या उतारावर भारताचे नाव प्रथम लागले ते १९६४ साली, इन्सब्रुक येथे. तेथे भारताचा एकमेव स्पर्धक होता जेरेमी बुजाकोव्स्की. जन्माने पोलिश, पण भारतात वाढलेला हा तरुण डाउनहिल पुरी करू शकला नाही; तरी १९६८ साली ग्रेनोबल येथे तो पुन्हा उभा राहिला. त्याच्यानंतर वीस वर्षे या शर्यतींत भारताचे कोणी नव्हते. १९८८ साली कॅनडातील कॅलगरी येथे तिघे जण गेले, आणि त्यांतील शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. स्लॅलममध्ये त्यांचा क्रमांक अठ्ठाविसावा, आणि शर्यत पुरी करणाऱ्याही अठ्ठावीसच. २०१४ साली सोची येथे हिमांशू ठाकूर जायंट स्लॅलममध्ये बहात्तरावा, म्हणजे शेवटचा आला. २०२२ साली बीजिंग येथे भारताचा एकटा प्रतिनिधी, काश्मीरचा आरिफ मोहम्मद खान, त्याच शर्यतीत पंचेचाळिसावा आला.

हे आकडे वाचून हसू येणे सोपे आहे. परंतु निकालपत्र नीट वाचावे. त्या प्रत्येक शर्यतीत भारतीयाच्या वरती जितकी नावे आहेत, तितकीच महत्त्वाची एक यादी खाली असते. जे निघाले पण पोचले नाहीत, त्यांची. तीत आल्प्सच्या कुशीत वाढलेले नामांकित खेळाडूही सापडतात. लहानपणापासून रोज उतारावर असणाऱ्याने फाटक चुकवावे आणि वर्षातील मोजके महिने बर्फ पाहणाऱ्याने ते चुकवू नये, यास शेवटचा क्रमांक म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी न्यायाचे नव्हे.

सोचीची हकीकत तर कचेरीत काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. निवडणुकांतील गैरकारभारामुळे आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेस निलंबित केले होते. परिणामी उद्घाटनाच्या संचलनात तिघे भारतीय खेळाडू तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठले, म्हणून हिमांशूला आपल्या देशाच्या नावाने उतरता आले. दप्तरात केलेल्या चुकीचा दंड हजारो मैलांवर, बर्फावर उभ्या असलेल्या मुलाने भरावा लागतो. या इतिहासातील सर्वांत कडू धडा आम्ही हाच मानतो. शेवटचा क्रमांक त्यापुढे काहीच नव्हे.

आता पुन्हा आमच्या प्रांताकडे. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत सैन्यदलाचा संघ पहिला आला, हे तिमय्यांच्या शाळेला साजेसेच झाले. दुसरा आला कर्नाटक आणि तिसरा महाराष्ट्र. दोघांच्याही नकाशावर बर्फाचा ठिपका नाही. कर्नाटकाच्या सुवर्णपदकांत मोठा वाटा होता भवानी तेक्कडा नंजुंडा या तरुणीचा. तिचा प्रकार उतरणीचा नव्हे, तर सपाटी-चढावर दूर पल्ल्याने धावण्याचा, ‘नॉर्डिक’. आणि तिचे गाव कोडगूत आहे.

एका पिढीने केलेली सोय दुसऱ्या पिढीच्या कामी कशी येते, हे पुष्कळदा दप्तरात सापडत नाही. मडिकेरीतील तिमय्यांच्या ‘सनी साइड’ या घराचे २०२१ साली संग्रहालय झाले. म्हैसुरात राहणाऱ्या वाचकांनी एखाद्या रविवारी ते पाहून यावे. बाहेर कॉफीचा वास असतो, पावसाळ्यात छत्री लागते. आणि ज्या माणसाने सैनिकांना बर्फावर उतरावयास शिकविले, त्याचे बालपण या मुलखात गेले, हे मनात ठेवून त्या घराच्या पायऱ्या उतराव्या.