बळदातल्या दोन गोष्टी

आमच्या बिलोलीकडची जुनी माणसं सन सांगत नसत. ‘रजाकारीच्या आधी’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या नंतर’ अशा दोन भागांत त्यांचं सगळं आयुष्य बसलेलं असे. रजाकारी म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला रजाकारांच्या सशस्त्र टोळ्यांचा काळ, आणि पोलीस अ‍ॅक्शन म्हणजे तो संपवणारी हिंदी फौजांची कारवाई. आबांचं लग्न रजाकारीच्या आधीचं, थोरल्या आत्याचा जन्म पोलीस अ‍ॅक्शनच्या नंतरचा. मला किल्ले, स्मारकं, जुनी हत्यारं बघायचा नाद लागला तो आबांपायीच. आपल्या मुलखात लढाया कुठं कुठं झाल्या हे नातवंडांनी पायी हिंडून बघावं, असं त्यांना फार वाटे.

पहिला किल्ला कंधारचा. निघायच्या आदल्या रात्री आज्जी दुधात पीठ भिजवून दशम्या करायची. सोबत तिळाची चटणी आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी. एसटीत बसल्या बसल्या आमचं लक्ष त्या गाठोड्याकडंच. पाण्यानं भरलेला खंदक ओलांडून आत गेलं की आबा सांगायला लागत : राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण, मग बहामनी, मग निजामशाही, मग 1631 साली मोगल. ही यादी त्यांना तोंडपाठ होती, पण त्यांचा जीव अडके तो कंधारच्या क्षेत्रपालात. त्या प्रचंड मूर्तीचे नुसते तुकडेच सापडलेत. त्यातलं दगडी पाऊल एवढं मोठं, की त्याच्या शेजारी आम्ही पोरं अगदीच बारकी दिसायचो. आबा त्या पावलावर हात ठेवून म्हणायचे, “एवढा मोठा राखणदार होता बा गावाला. तरी शेवटी गाव राखलं ते माणसांनीच.”

उदगीरला मुक्काम आबांच्या बहिणीकडं. तिच्या हातचे धपाटे आणि दही खाल्ल्याशिवाय किल्ल्याकडं पाय वळवायचे नाहीत, असा तिचा दंडक. किल्ल्यात उदागीर महाराजांच्या समाधीपाशी बसून आबा भाऊसाहेबांची गोष्ट सांगत. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं, दौलताबादसारखा किल्ला मिळवला, आणि पुरतं वर्ष उलटायच्या आत, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत झालं. इब्राहिमखान गारद्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांची ही गोष्ट कधी पुरी झाली नाही. भाऊंच्या तोफा त्याच्या, आणि पानिपतावर मरेपर्यंत साथही त्याची. हे सांगताना आबांचा आवाज चढायचा.

नांदेडला गेलं की हुजूर साहिबला जाणं ठरलेलं. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली इथं देह ठेवला. त्यांची शस्त्रं गुरुद्वारात जपलेली आहेत, लोक त्यांच्यापुढं डोकं टेकतात. आज्जीला इतिहासातलं फारसं कळत नसे, पण तिथं ती पदर नीट डोक्यावर घ्यायची आणि लंगरातली डाळ-रोटी कधी पानात टाकायची नाही.

खुद्द बिलोलीत किल्ला नाही. आहे ती सरफराजखानाची दगडी मशीद, औरंगजेबाच्या काळातली, नक्षीच्या मिनारांची. जवळच अर्जापूर. तिथं गोविंदराव पानसऱ्यांचं स्मारक आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसचं काम करत हिंडणाऱ्या या माणसाला 1946 च्या ऑक्टोबरात अर्जापूरजवळ गाठून मारलं. आबा त्यांच्या सभेला गेले होते की कुणाकडून ऐकून आले होते, हे आता मला नीट आठवत नाही. घरात दोन्ही सांगितलं जातं. उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली ती 30 जानेवारी 1948 ला, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. त्या रात्री आपल्याकडं आधी कुठली बातमी आली, यावर आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ म्हातारपणापर्यंत भांडत.

पण आज्जीचा इतिहास घरातल्या बळदात होता. आमचं जुनं माळवदाचं घर, मधल्या खोलीच्या पोटात धान्याचं बळद. वरून एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. रजाकार येणार अशी हूल उठली की घरातल्या लेकीसुना त्यात उतरायच्या. वर झाकण, झाकणावर शेणाचा पोतेरा. आज्जी तान्ह्या दिराला छातीशी धरून ज्वारीत बसायची. ज्वारीचा भुसा नाकात जायचा, शिंक आली की पदर तोंडात कोंबायचा. पहाटे बाहेर काढल्यावर सासू प्रत्येकीला आधी गूळपाणी द्यायची.

मग 13 सप्टेंबर 1948 ला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. गावोगाव तिरंगे लागले. आणि पुढच्याच दिवसांत आज्जीनं तेच बळद पुन्हा उघडलं. या खेपेला आत उतरल्या शेजारच्या मुसलमान घरातल्या बायका. रजाकाराशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्यावरही लोक तुटून पडत होते. पुढं या हिंसाचाराची सुंदरलाल समितीनं पाहणी केली, तेव्हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचंही नाव आलं. आज्जीला समिती ठाऊक नव्हती. शेजारणीच्या पोराला आपण दुधात भाकर कुस्करून दिली, आणि रडू नये म्हणून त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला, एवढं तिला ठाऊक होतं.

कुणी नुसती पहिली गोष्ट सांगू लागलं की ती मधेच थांबवायची. “दोन्ही सांगा. एक सांगून दुसरी गिळायची नाही.” आबा पानसऱ्यांचं नाव काढून रडणारे, पण तेही मान हलवायचे.

आता ते घर नाही. माळवद उतरवलं तेव्हा बळदही बुजवलं. दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, अर्जापूरला फुलं वाहिली जातात, आणि ती वाहिलीच पाहिजेत. मी पोरांना कंधार-उदगीरला नेतो, गारद्याचं नाव घेतो, दगडी पावलाशेजारी उभं करतो. आणि घरी आल्यावर जेवताना बळदाच्या दोन्ही गोष्टी सांगतो, आज्जीनं घालून दिलेल्या क्रमानंच. तुमच्या घरी अजून कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना किल्ल्यावर न्या, नाहीतर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, त्या दिवसांत आपल्या घरात कोण लपलं होतं आणि आपण कुणाला लपवलं होतं. दोन्ही विचारा.