सर्व्हरच्या घड्याळातली फट

साइट उघडत नाही, गोल चक्र फिरतच राहतं, की आपण म्हणतो, "लोड आलाय." पण लोड नसतानाही सर्व्हर बंद पाडता येतो. १७ जून २००९ ला रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षा तज्ज्ञाने पर्ल भाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट जाहीर केली. नाव, स्लोलोरिस. लोरिस म्हणजे झाडावर अगदी सावकाश सरकणारा मोठ्या डोळ्यांचा प्राणी; आपल्या ईशान्य भारतातही आहे.

एसटीच्या खिडकीशी कुणी उभा राहिला आणि म्हणाला, "एक..." मग बराच वेळ गप्प. मग, "तिकीट..." मागची रांग ताटकळत. स्लोलोरिस हेच करायचं, शेकडो खिडक्यांवर, एकाच वेळी.

तेव्हाचा सगळ्यात लोकप्रिय सर्व्हर अपाचे. त्याच्या जुन्या रचनेत प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस अडकायची आणि मुळातली मर्यादा होती २५६. वाट बघायची वेळ ३०० सेकंद, पण खरी मेख इथे आहे: हे घड्याळ दोन तुकड्यांमधला वेळ मोजायचं, अख्खी विनंती पोहोचायला लागलेला वेळ नाही! हेडरची एखादी ओळ आली की मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय लॉगमध्ये नोंद विनंती पूर्ण झाल्यावरच होते. म्हणजे साइट मेलेली आणि लॉग कोरा. अॅडमिनने शोधायचं तरी काय?

त्याच आठवड्यात इराण पेटलं होतं. १२ जूनच्या निवडणुकीत अहमदीनेजाद विजयी घोषित झाले, लोक रस्त्यावर आले. सरकारी साइट्सवर रहदारीचा महापूर सोडला तर देशाचं इंटरनेटच तुंबेल आणि आंदोलकांचाही आवाज बंद होईल, अशी भीती होती. स्लोलोरिसला बँडविड्थ जवळजवळ लागतच नाही, म्हणून तेच वापरलं गेलं.

२०१० मध्ये अपाचे २.२.१५ सोबत नवं मॉड्यूल आलं, मॉड-रेकटाइमआउट. आता विनंती आत यायला लागणारा एकूण वेळ मोजता येऊ लागला. पुढच्या आवृत्त्यांत ठरलेला हिशोब असा: हेडरसाठी २० सेकंद, आलेल्या दर ५०० बाइटमागे एक सेकंद वाढीव, जास्तीत जास्त ४०.

मला यातला हा वाढीव सेकंद फार आवडतो. तो चोरासाठी नाही, खराब रेंजमधून प्रामाणिकपणे धडपडणाऱ्या फोनसाठी आहे. आणि ५०० बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची जेमतेम १६६ चिन्हं.