खुडूक न बसणारी कोंबडी

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वसंत व्याख्यानमालेत कोंबडीवर बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. बोनस, महागाई भत्ता, किमान वेतन हे आमचे नेहमीचे विषय. शिवाय आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि एस. टी. च्या प्रवासात. परंतु राबणाऱ्यांचा इतिहास धुंडाळीत असताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कित्येक घरांना रोजगार देणारी, आणि एका आठवड्यात तो काढून घेणारी, एक परदेशी कामकरीण आहे. तिचे मूळ गाव मात्र आम्हां कोणालाच ठाऊक नाही. ती म्हणजे पांढरी लेगहॉर्न कोंबडी.

म्हसावदच्या बाजारात अंडी दोन प्रकारची मिळतात. पोल्ट्रीचे अंडे मोठे, पांढरेशुभ्र, सगळी एका मापाची. गावरान अंडे लहान, फिकट तांबूस, आणि भाव मात्र त्याचाच अधिक. हे दुसरे अंडे सातपुड्याच्या पाड्यांवरून बायका धान्यात किंवा गवतात जपून आणतात. या दोन अंड्यांमध्ये जे अंतर आहे, ते समजण्यासाठी आपणांस भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जावे लागेल.

कोंबडीचे माहेर आशियाच आहे. तांबड्या रानकोंबड्यापासून ती माणसाळली, आणि अलीकडील संशोधन तिचे पहिले घर आग्नेय आशियात दाखविते. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती पश्चिमेकडे गेली आणि सुमारे २८०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पोहोचली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या ग्रंथकाराने शेतीवर लॅटिन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. हा स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील आजच्या कादिझचा रहिवासी. ग्रंथाच्या आठव्या भागात त्याने कोंबडीपालनाचा सविस्तर विचार केला आहे. कोंबडी तांबूस किंवा काळसर पाहून घ्यावी, पांढरी टाळावी, असे त्याचे सांगणे. कारण पांढरी नाजूक असते आणि घारी-ससाण्यांच्या नजरेत चटकन भरते. आमच्या पाड्यावरची म्हातारीही हेच सांगेल. पुढे त्याच प्रदेशातली पांढरी कोंबडी सगळे जग व्यापील, हे त्या बिचाऱ्याला कोठून ठाऊक असणार!

दक्षिण युरोपातील जुन्या जातींची नावे पाहिली तर ती बहुतेक बंदरांची, बेटांची किंवा प्रांतांची आहेत. मिनोर्का हे स्पेनचे बेट. अठराव्या शतकाचा बराच काळ ते इंग्रजांच्या ताब्यात होते. तेथली कोंबडी काळी कुळकुळीत, अंगाने मोठी, तुरा एवढा की मादीचा एका बाजूस लोंबतो. आन्कोना हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचे बंदर. त्या नावाची कोंबडी काळी, पण पिसांच्या टोकांवर पांढरे ठिपके. अँडालुशियाची कोंबडी निळसर राखी. निळ्यास निळी मिळविली तरी सगळी पिल्ले निळी निघत नाहीत. निम्मी निळी, एक चतुर्थांश काळी आणि एक चतुर्थांश ठिपक्यांची पांढुरकी. आनुवंशिकतेचे शास्त्र शिकविताना हे उदाहरण आजही देतात. सिसिलीच्या कोंबडीचा तुरा वाटीसारखा गोल. इटलीतील पादुआच्या कोंबडीस डोक्यावर पिसांचा मोठा झुबका. बार्सिलोनाजवळच्या प्रातची कोंबडी बदामी रंगाची आणि पाय निळसर. काळ्या स्पॅनिश जातीचे तर सगळे तोंडच पांढरे.

रंग निरनिराळे, पण कुळाची लक्षणे पुष्कळशी एकच. अंग हलके, स्वभाव बुजरा आणि चपळ, तुरा मोठा, कानाची पाळी पांढरी आणि बहुधा अंडेही पांढरे. मोठा तुरा केवळ शोभेचा नव्हे. कोंबडीला घाम येत नाही. तुऱ्यातून रक्त खेळते तेव्हा अंगातील उष्णता बाहेर पडते. उन्हाळ्याच्या देशात तो तुरा उपयोगी, थंडीच्या देशात तोच गारठून दुखावतो. या साऱ्यांहून महत्त्वाचे लक्षण असे, की या कुळातील कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत.

खुडूक म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. परंतु शहरात वाढलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि थांबते. मग तिला खुडूक येते. टोपलीत रवण घातली की एकवीस दिवस ती अंड्यांवरून हलत नाही. दाणा-पाण्यापुरती उठते आणि परत येऊन बसते. पिल्ले निघाल्यावर काही आठवडे त्यांना पंखाखाली घेऊन हिंडते. या काळात अंडे नाही. म्हणून वर्षाकाठी तिची अंडी साठ-सत्तरच्या आसपास. लेगहॉर्न हा खंड पडू देत नाही. तिच्यापासून तयार केलेली आजची संकरित कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते. आमच्या भाषेत बोलायचे तर, बाळंतपणाची रजा कधीच न मागणारी ही कामकरीण.

लेगहॉर्न हे नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे. इंग्रज खलाशांच्या तोंडी लिव्होर्नोचे लेगहॉर्न झाले. तोस्कानाच्या मेदिची राजांनी १५९३ च्या सनदेने या बंदरात सर्व देशांच्या आणि धर्मांच्या व्यापाऱ्यांना अभय दिले. ज्यू, तुर्क, आर्मेनियन, इराणी असे नाना लोक तेथे आले. अशा बंदरातून आसपासच्या शेतकऱ्यांच्या साध्या कोंबड्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांची निवड होत होत जात पक्की झाली, आणि १८७० च्या सुमारास ती अमेरिकेतून इंग्लंडात आली. इटलीच्या शेतकऱ्याच्या अंगणातला पक्षी अमेरिकेत कारखान्याचा कामगार झाला, असे म्हणावयास हरकत नाही. याच सुमारास अंडी उबविण्याची यंत्रेही सुधारली. कोंबडी बसत नाही ही आजवरची अडचण होती. यंत्र बसू लागल्यावर तोच तिचा गुण ठरला.

या परदेशी पाहुणीचा आमच्याशी एक जुना संबंधही आहे. लेगहॉर्नचे पाय पिवळे असतात. २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की कोंबडीच्या कातडीचा हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा पक्षी पश्चिम आणि दक्षिण भारताच्या जंगलांतला; सह्याद्रीत त्याची बांग आजही ऐकू येते. म्हणजे लिव्होर्नोच्या कोंबडीच्या पायांवर आमच्या रानाचा रंग आहे. शुद्ध स्वदेशी आणि शुद्ध परदेशी असे भेद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हिंदुस्थानात या जाती विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी आणि सरकारी शेतांनी आणल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारी पैदास केंद्रांतून लेगहॉर्नचे नर खेड्यांत वाटले गेले. १९७० नंतर मोठ्या हॅचऱ्या निघाल्या आणि संकरित पिल्ले सर्वत्र जाऊ लागली. आमच्या जिल्ह्यात नवापूर हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. गुजरातच्या सीमेवरचे गाव, सुरतेकडे जाणारी रेल्वे, शेजारी मोठी बाजारपेठ. धंदा वाढला यात नवल नाही. अंडे स्वस्त झाले आणि गरिबाच्या ताटात आले, हा उपकार आम्ही नाकारीत नाही.

परंतु या सौद्यात एक गोष्ट हातची गेली. जी कोंबडी बसत नाही, तिचे पिल्लू घरी निघत नाही. ते हॅचरीतून विकत आणावे लागते. आणि संकरित पिल्लांची पुढची पिढी तशी निघत नसल्याने पुन्हा पुन्हा आणावे लागते. कपाशीच्या संकरित बियाण्याचा अनुभव शहाद्याच्या शेतकऱ्याला आहेच. त्याला हे अधिक फोडून सांगण्याचे कारण नाही.

मग २००६ साल उजाडले. नवापूरच्या शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या. प्रथम सर्वांना वाटले, नेहमीची मानमोडी आहे. १८ फेब्रुवारी रोजी जाहीर झाले, की हा बर्ड फ्लू आहे, आणि भारतात तो प्रथमच आढळला आहे. पहिल्या काही दिवसांतच सुमारे अडीच लाख पक्षी मारून पुरले गेले. ठरलेल्या परिघात घरोघरची गावरान कोंबडीही पकडून नेली. रोग थांबविण्यासाठी ते आवश्यकच होते. त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, ही समाधानाची गोष्ट.

भरपाई मिळाली ती पक्ष्यांची : अंड्यांवरच्या कोंबडीस ४० रुपये, पिल्लास १० रुपये. एका शेडवर अंडी वेचणारी बाई आम्हांला भेटली. ती म्हणाली, "दादा, कोंबडीचा दर कागदावर हाय, माझ्या दिवसाचा दर कुठं लिवलाय?" आम्ही कागद पाहिला. तिच्यासाठी त्यात रकानाच नव्हता. आम्ही अर्ज लिहिले, खेटे घातले. हाती काही लागले नाही. घरची चार कोंबड्यांची पुंजीही तिने त्याच आठवड्यात गमावली होती. तीस वर्षांच्या चळवळीत आम्ही पुष्कळ हार खाल्ली, पण त्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही याची खंत अजून आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. तो प्रश्न मात्र पंधरा वर्षांपूर्वी होता तेथेच होता.

लेगहॉर्न वाईट आणि गावरान चांगली, असा निवाडा आम्ही देत नाही. यंत्राला शिव्या देऊन कामगाराचे भले झाल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पोल्ट्रीतला मजूर नोंदीवर यावा, आणि पक्ष्याला जशी भरपाई ठरते तशी त्याच्या बुडालेल्या दिवसांनाही ठरावी. दुसरे असे, की खुडूक बसणारी कोंबडी आपल्या पाड्यांवरून नाहीशी होऊ देऊ नये. नर्मदेपलीकडच्या झाबुआच्या भिलांनी आपली काळ्या मांसाची कडकनाथ सांभाळली. २०१८ साली त्या मांसास भौगोलिक मानांकन मिळाले. स्पेनमध्ये प्रातच्या शेतकऱ्यांनीही आपल्या निळ्या पायांच्या कोंबडीचे नाव असेच राखले आहे. आमच्या सातपुड्यातल्या कोंबडीला अद्याप कोणी नावही दिलेले नाही.

नवापूरच्या त्या बाईने साथ ओसरल्यावर शेडवरच्या कामाची वाट पाहिली नाही. दूरच्या पाड्यावरच्या बहिणीकडून तिने एक खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी मागून आणली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. ती तिने कोणाकडून विकत घेतली नव्हती.