ल्यूइस, विल्यम हेन्री

ल्यूइस, विल्यम हेन्री : (२८ नोव्हेंबर १८६८–१ जानेवारी १९४९). अमेरिकन फुटबॉलपटू, प्रशिक्षक व विधिज्ञ. अखिल अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल संघात निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. जन्म व्हर्जिनिया राज्यातील बर्कली येथे. त्याचे आईवडील पूर्वी गुलामगिरीत होते. मुक्तीनंतर वडील धर्मोपदेशक झाले. आरंभीचे शिक्षण पीटर्झबर्ग येथील कृष्णवर्णीयांसाठीच्या संस्थेत व पुढे मॅसॅचूसेट्समधील ॲम्हर्स्ट महाविद्यालयात. तेथे १८९१ मध्ये तो फुटबॉल संघाचा कर्णधार होता. १८९२ मध्ये पदवी घेऊन तो हार्व्हर्ड विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाला.

त्या काळच्या नियमांनुसार त्याला हार्व्हर्डकडूनही खेळता आले. मध्य खेळाडूच्या जागेवर खेळताना, तुलनेने हलका बांधा असूनही, चपळाई व डावपेचांची जाण यांमुळे तो प्रभावी ठरला. १८९२ व १८९३ या दोन्ही वर्षी अखिल अमेरिकन संघात त्याची निवड झाली. पुढे त्याने हार्व्हर्डच्या संघाला सु. दहा वर्षे प्रशिक्षण दिले. बचावतंत्राचा तज्ञ म्हणून त्याचा लौकिक होता. अ प्राइमर ऑफ कॉलेज फुटबॉल (१८९६) हे त्याचे पुस्तक या खेळावरील आरंभीच्या पुस्तकांपैकी होय.

वकिलीबरोबरच त्याने सार्वजनिक कार्यातही भाग घेतला. केंब्रिज नगरपरिषद व मॅसॅचूसेट्सचे विधिमंडळ यांचा तो सदस्य होता. थीओडोर रूझवेल्टच्या कारकीर्दीत १९०३ मध्ये त्याला बॉस्टन येथे साहाय्यक सरकारी वकील नेमण्यात आले. अध्यक्ष टॅफ्टने त्याची साहाय्यक महान्यायवादी या पदावर केलेली नेमणूक सीनेटने १९११ मध्ये मान्य केली. तोपर्यंत कोणत्याही कृष्णवर्णीयास संघराज्याच्या कार्यकारी शासनात इतके उच्च पद मिळाले नव्हते.

तथापि क्रीडांगणावर मिळालेली मान्यता त्याच्या व्यवसायबंधूंनी सहजासहजी दिली नाही. १९११ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने त्याला सदस्यत्व दिले. पण त्याचा वर्ण लक्षात येताच कार्यकारी समितीने ते रद्द ठरविले. ल्यूइसने राजीनामा देण्यास नकार दिला. महान्यायवादी जॉर्ज विकरशॅम याने सर्व सदस्यांना पत्र पाठवून त्याची बाजू मांडली. १९१२ मध्ये त्याचे सदस्यत्व कायम राहिले. मात्र यापुढील उमेदवाराचा वंश कळविला जावा, असा ठराव त्याच वेळी संमत झाला. त्यामुळे त्याचा वैयक्तिक विजय इतरांना मार्ग मोकळा करू शकला नाही.

१९१३ मध्ये शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर त्याने बॉस्टन येथे वकिली केली. तेथेच तो मरण पावला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश २००९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षांनी, करण्यात आला.