दाखला ठाऊक असलेले वाटसरू

यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी माणूस पडला होता. याजक आणि लेवी त्याला टाळून पुढे गेले. त्यांना नियमशास्त्र ठाऊक नव्हते काय? होते. मग नुसते ज्ञान आपल्याला परिस्थितीच्या दडपणापासून वाचविते काय?

या प्रश्नाची कसोटी अमेरिकेतील प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी या प्रेस्बिटेरियन विद्यालयात लागली. जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तिचा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत धाडले. अर्ध्यांचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला! वाटेत योजल्याप्रमाणे एक माणूस दारात कण्हत, खोकत बसला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्या मदतीला धावले. उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के. दाखल्यावर बोलायला निघालेले आणि इतर यांच्यात मात्र निर्णायक फरक आढळला नाही.

त्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. परंतु न थांबलेल्यांपैकी काही जण पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. हृदय जागे होते, पाय मात्र घड्याळाच्या ताब्यात होते.

मग ज्ञान व्यर्थच म्हणावे काय? तसेही नाही. १९७८ साली आर्थर बीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इतर लोक स्वस्थ उभे असले की आपणही का थिजतो, हे व्याख्यानातून समजलेल्या विद्यार्थ्यांपैकी दोन आठवड्यांनंतर सुमारे ४३ टक्क्यांनी मदत केली. इतरांपैकी २५ टक्क्यांनी. कर्तव्य कोणते हे ठाऊक असणे वेगळे आणि आपण कोठे घसरतो हे ठाऊक असणे वेगळे. तरीही निम्म्याहून अधिक जण पुढे निघून गेलेच.

संत इग्नेशियस लोयोला यांनी हे ओळखले असावे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात उपदेशाबरोबर सरावही आहे. एकच दोष निवडावा, सकाळी निश्चय करावा, दुपारी व रात्री परीक्षण करावे, प्रत्येक घसरणीसाठी रेघेवर एक ठिपका द्यावा आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून पाहावेत.

आपल्या घरांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर हा परिपाठ सहज रुजू शकेल. आज आपण कोणाला दुखविले, एवढेच न विचारता, घाईघाईत कोणाला ओलांडून आलो, हेही आपण विचारावे.