भन्साळींचे त्रेसष्ट दिवस

माणसाचे हक्क लिहून ठेवणे फारसे कठीण नाही. ते तुडविले गेले असता दाद कोठे मागावयाची, हे कठीण. नागपूरच्या आसमंतातील चिमूर गावी १९४२ साली हाच प्रश्न उभा राहिला.

१६ ऑगस्ट रोजी तेथे गोळीबार झाला आणि खवळलेल्या जमावाने सरकारी अंमलदारांचे प्राण घेतले. ती हत्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुढे लष्कर आले, पुरुषांची धरपकड झाली आणि घरोघर मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर पडल्या. नागपूरचे डॉ. मुंजे स्वतः चिमुरास जाऊन आले. सरकारने मात्र चौकशीच नाकारली. ज्याच्या माणसांवर आरोप, त्याच्याच हाती चौकशीची किल्ली! जमावातील आरोपींवर खटले झपाट्याने चालले, फाशीच्या शिक्षाही झाल्या. स्त्रियांच्या तक्रारींसाठी न्यायासन काही मांडले गेले नाही.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीस लोकनायक अणे यांच्या दारी गेले. अणे वऱ्हाडचे, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. आपल्या मुलुखाचा माणूस तरी ऐकेल, ही अपेक्षा. ती फळली नाही. ११ नोव्हेंबरला उपवास सुरू झाला. पोलिसांनी त्यांना परत सेवाग्रामास पोहोचविले, तर हे गृहस्थ उपाशीपोटी चिमूरच्या वाटेला लागले! पुन्हा त्यांना धरून आणले. उपवासाची बातमी छापण्यास सरकारने बंदी केली. त्याचा परिणाम असा की, ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी निषेधार्थ अंकच काढला नाही.

१२ जानेवारीस, त्रेसष्टाव्या दिवशी, डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. बातम्यांवरील बंदी उठली. स्वतंत्र चौकशी मिळाली नाही; म्हणून या यशास मी अर्धेच यश म्हणतो.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क त्याच्या आठव्या कलमात आहे. आपल्याकडे मानवी हक्क संरक्षणाचा कायदा १९९३ साली झाला. परंतु त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे सैन्यदलांविरुद्ध तक्रार आल्यास आयोगाने केंद्र सरकारकडून अहवाल मागवावयाचा आणि मग शिफारस करावयाची. चिमूरच्या स्त्रियांनी लष्कराविरुद्ध आज अर्ज केला असता, तर तोही आधी सरकारकडेच गेला असता.